महाधमनीचं बीपी कसं काढलं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत 'सेंट्रल बीपी'वर अर्धं पान आलं होतं. दंडावरचं बीपी आता जुनं झालं, खरं बीपी हृदयाजवळच्या महाधमनीतलं, आणि ते आता सुई न टोचता दोन मिनिटांत अचूक मोजून मिळतं, असं त्यात लिहिलंय. यातला मधला भाग बराचसा बरोबर आहे. शेवटचा भाग मात्र नाही, आणि त्याच भागावर लोक पैसे भरायला लागलेत म्हणून हे पत्र. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं कात्रण फिरलं, त्याच्या खाली लगेच एका चेकअप पॅकेजची जाहिरात, आणि तीन जणांनी बुकिंग पण केलं. त्यातल्या एकांचा रिपोर्ट मी बघितला. त्यावर सेंट्रल सिस्टॉलिक (महाधमनीतल्या बीपीचा वरचा आकडा) म्हणून एक आकडा ठळक टाइपात, शेजारी हिरवा-पिवळा-लाल पट्टा, आणि तो आकडा आला कुठून याबद्दल एक अक्षर नाही.

मी डॉक्टर नाही, पुण्यात कॅथ लॅबमध्ये (हृदयापर्यंत नळी घालून तपासतात तिथे) टेक्निशियन होतो, आता रिटायर झालोय. त्यामुळे कोणी कुठली गोळी घ्यावी यावर माझ्याकडून काही येणार नाही. पण महाधमनीतलं प्रेशर खरोखर मोजतात म्हणजे काय करतात हे मी नोकरीभर रोज बघितलंय, ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारा सेन्सर) झिरो करायचं कामच माझं होतं, म्हणून या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

आधी मूळ गोष्ट. हृदय आकुंचन पावलं की रक्ताचा धक्का महाधमनीत जातो आणि तिथून त्याची लाट हातापायांकडे पळते. आता सर्वसाधारण समज असा की हृदयापासून लांब गेलं की प्रेशर कमी होत जाणार, नळाच्या शेवटच्या घरी पाणी कमी येतं तसं. सरासरी प्रेशरचं तसंच होतं, पण मोठ्या धमन्यांत ते अगदी किंचित, एक-दोन पॉइंटच उतरतं. वरचा आकडा मात्र उलटा वागतो, तो दंडाकडे, मनगटाकडे जाताना वाढतो! कारण महाधमनी लवचिक असते आणि पुढच्या धमन्या जास्त कडक, शिवाय पुढे फाटे फुटतात तिथून लाट परत फिरते आणि येणाऱ्या लाटेवर चढते, हात तर छोटाच, त्यामुळे ती लगेच चढते. खालचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखाच राहतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीत कॅथेटर (आत घातलेली बारीक नळी) बाहेर काढताना मॉनिटरकडे बघा, महाधमनीतून हातात येईपर्यंत लाटेचा शेंडा उंच आणि टोकदार होत जातो, बूड जागच्या जागी. नवीन टेक्निशियनला हे दाखवलं की तो आधी म्हणतो काहीतरी बिघडलंय.

हा फरक तरुण, धडधाकट माणसात 10 ते 20 पॉइंट, कधी जास्तसुद्धा असतो. वय वाढलं, धमन्या कडक झाल्या की परतीची लाट महाधमनीतच लवकर पोचते आणि तिथलाच शेंडा वर नेते, मग दंड आणि महाधमनी यांच्यातला फरक कमी होतो. म्हणजे दंडावर सारखंच 138 आलेल्या दोन माणसांच्या महाधमनीत वेगवेगळं प्रेशर असू शकतं. आणि मेंदू, किडनी, खुद्द हृदय हे सगळे महाधमनीतलं प्रेशर सोसतात, दंडातलं नाही. इथपर्यंत तुमच्या लेखकाशी माझं काहीच भांडण नाही, उलट हे मराठीत कोणी लिहिलं याचा आनंदच झाला.

आता खरं मोजणं म्हणजे काय ते सांगतो. मनगटातून किंवा जांघेतून कॅथेटर सरकवत महाधमनीत न्यायचं, त्यात सलाईन भरलेलं, बाहेरच्या टोकाला ट्रान्सड्यूसर, तो छातीच्या मध्याच्या उंचीवर ठेवायचा आणि हवेला उघडून झिरो करायचा. उंची 10 सेंटीमीटर चुकली तर प्रेशर 7-8 पॉइंट चुकतं. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की लाटेचा शेंडा दबतो आणि वरचा आकडा कमी दिसतो, उलट नळी जास्त लांब असली की लाट थरथरते आणि शेंडा उगाच उंच दिसतो. म्हणून संशोधनात टोकालाच सेन्सर बसवलेलं महागडं कॅथेटर वापरतात. सांगायचा मुद्दा हा की आत नळी घालून सुद्धा हा आकडा काळजी घेतली तरच मिळतो, आणि तुमच्या लेखात तो बाहेरून, दोन मिनिटांत, अचूक.

बाहेरून काय करतात मग? इथे थोडं मागे जावं लागेल, कारण या गोष्टीत आपल्याकडचा एक धागा आहे जो फार कमी जणांना माहिती असतो. बीपीचा पट्टा यायच्या आधी नाडीची लाट कागदावर काढायचं यंत्र होतं, फ्रान्समधल्या एतियेन-ज्यूल मारे यांनी 1860 च्या सुमारास ते बनवलं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये विद्यार्थी असतानाच फ्रेडरिक अकबर मोहम्मद नावाच्या तरुणाने ते सुधारलं आणि 1872 पासून मनगटाच्या लाटेच्या आकारावरून सांगायला लागला की या माणसाचं प्रेशर जास्त आहे. किडनी चांगली असलेल्या माणसालाही प्रेशरचा आजार असू शकतो हे त्याने त्या काळात ओळखलं. हा अकबर मोहम्मद म्हणजे पाटण्याहून तिकडे गेलेल्या, 1810 मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी खाण्याचं हॉटेल काढणाऱ्या आणि नंतर ब्रायटनला मालिश-स्नानाची दुकानदारी थाटणाऱ्या शेख दीन मोहम्मद यांचा नातू. 1884 मध्ये टायफॉइडने गेला, वय फक्त 35.

पुढे 1896 मध्ये इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाचा पट्टा आणला, 1905 मध्ये रशियात कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा पकडायची पद्धत दिली, आणि लाटेचा आकार मागे पडला. आकडा सोपा, वहीत लिहिता येतो, विमा कंपन्यांना तर फारच सोयीचा. लाट परत आली ती विसाव्या शतकाच्या शेवटी, सिडनीचे डॉ. मायकेल ओरूर्क आणि त्यांच्या बरोबरचे लोक यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने तिला परत दवाखान्यात आणलं.

त्यांची पद्धत अशी. मनगटाच्या नाडीवर पेनासारखा एक सेन्सर हलकेच दाबून धरायचा, धमनी थोडी चपटी झाली की आतल्या प्रेशरची लाट सेन्सरला जवळजवळ जशीच्या तशी मिळते. याला टोनोमेट्री म्हणतात. मग ही मनगटाची लाट गणिताने उलटी फिरवून महाधमनीची लाट बनवायची. यासाठी कॅथ लॅबमधल्या पेशंटांच्या आतल्या आणि मनगटाच्या लाटा एकाच वेळी रेकॉर्ड करून, लाटेतल्या कुठल्या वारंवारतेचा भाग वाटेत किती फुगतो त्याचा एक सरासरी फॉर्म्युला काढलाय. त्याला ट्रान्सफर फंक्शन म्हणतात. भिंतीपलीकडून ढोल-ताशा ऐकून आत नेमका कसा वाजत असेल ते काढावं तसा हा प्रकार आहे, भिंत कशी आहे हे माहिती असेल तर जमतं. आणि इथे सगळ्यांसाठी एकच सरासरी भिंत धरलीय, तुमच्या हाताची भिंत कोणी मोजलेली नाही. तरी आश्चर्य म्हणजे मोठ्या माणसांत ते बऱ्यापैकी चालतं, कारण दंडापासून मनगटापर्यंतची धमनी वयाबरोबर महाधमनीइतकी बदलत नाही.

दुसऱ्या पद्धती पण आहेत. मानेच्या धमनीवरच सेन्सर धरायचा, ती महाधमनीच्या जवळ, त्यामुळे फॉर्म्युला लागत नाही, पण ते करायला हात सराईत लागतो आणि जाड मानेवर फार त्रास होतो. काही मशीन मनगटाच्या लाटेतला दुसरा खांदा (शेंड्यानंतरचा छोटा उंचवटा) शोधतात, तो महाधमनीच्या शेंड्याच्या जवळपास असतो असा त्यांचा आधार. आणि सध्या चेकअपवाल्यांकडे जे आलंय ते म्हणजे नेहमीचाच दंडाचा पट्टा, तो आधी बीपी घेतो, मग परत फुगून काही सेकंद एका ठरावीक प्रेशरला थांबतो, त्या वेळात पट्ट्यातल्या हवेची बारीक थरथर नोंदवतो आणि त्यावरून मशीन महाधमनीचा आकडा काढतं. वापरायला अगदी सोपं, कोणीही बटण दाबावं. हार्टचे ठोके अनियमित असतील तर मात्र लाटांची सरासरीच नीट बनत नाही, आणि नेमके म्हाताऱ्या पेशंटांत असे बरेच निघतात.

आता जो भाग तुमच्या लेखात अजिबात नव्हता तो. मनगटाचा सेन्सर काय किंवा पट्ट्याची थरथर काय, यातून लाटेचा फक्त आकार मिळतो, उंची मिळत नाही. शेंडा 120 ला आहे की 150 ला हे त्या लाटेला माहितीच नसतं. मग तो आकडा आणायचा कुठून? तर त्याच जुन्या झालेल्या दंडाच्या पट्ट्यावरून! पट्ट्याने जे वरचं-खालचं दिलं ते लाटेच्या वर-खाली चिकटवायचं, याला कॅलिब्रेशन म्हणतात. म्हणजे जे बीपी जुनं म्हणून तुम्ही बाजूला ठेवलंत त्याच्याच खांद्यावर हे नवीन बीपी उभं आहे, आणि त्याची चूक जशीच्या तशी याच्यात उतरते.

आणि पट्ट्याची चूक लहान नाहीये. आजकालचं ऑटोमॅटिक मशीन वरचं-खालचं मोजतच नाही. पट्टा सैल होत जाताना थरथर सगळ्यात जास्त जिथे होते ते सरासरी प्रेशरच्या जवळ, एवढंच त्याला कळतं, त्यावरून वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या फॉर्म्युल्याने काढतात आणि तो फॉर्म्युला कंपन्या सांगत नाहीत. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पिकोन, शर्मन वगैरे संशोधकांनी पट्टा आणि आतली नळी दोन्ही एकत्र वापरलेले जुने सगळे अभ्यास गोळा करून हिशेब लावला. दंडाच्या धमनीत नळी घालून जे वरचं बीपी येतं त्यापेक्षा पट्टा सरासरी 5.7 ने कमी दाखवतो, आणि खालचं 5.5 ने जास्त. गंमत पुढे आहे. त्याच हिशेबात दंडातलं खरं वरचं बीपी महाधमनीपेक्षा सरासरी 8 ने जास्त होतं, म्हणजे पट्टा जितका कमी दाखवतो साधारण तेवढाच दंड जास्त असतो, दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात, आणि साध्या पट्ट्याचा आकडा सरासरीने महाधमनीच्या वरच्या आकड्याशी जवळजवळ जुळतो, फरक फक्त 0.3! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या एका सरांना फोन करून सांगितलं होतं. पण लगेच कोणी म्हणू नका की मग प्रश्नच मिटला, कारण हे सरासरीने. एकेका माणसात चूक कुठल्याही बाजूला सरासरी 8 पॉइंटची होती. कोणाचं जास्त, कोणाचं कमी, आणि बेरीज शून्य.

आता याचा परिणाम बघा. पट्ट्याने वरचं आधीच कमी दिलंय, त्यावर फॉर्म्युला लावून महाधमनीसाठी ते अजून 10-12 ने खाली आणलं, तर पेशंटच्या हातात जो आकडा येतो तो खऱ्या महाधमनीपेक्षा बराच कमी असण्याची शक्यता. आणि तोही रिपोर्टवरच्या हिरव्या रंगात!

यावर उपाय म्हणून काही मशीन वरचं बीपी न वापरता सरासरी आणि खालचं बीपी वापरून लाट बसवतात, कारण हे दोन दंडात आणि महाधमनीत सारखेच असतात. तर्क बरोबर आहे. पण सरासरी कुठली धरायची? शाळेतलं सूत्र म्हणजे खालच्यात फरकाचा एक तृतीयांश मिळवा. दुसरे म्हणतात 40 टक्के मिळवा. एक उदाहरण करून दाखवतो, बीपी 140/85. एक तृतीयांशाने सरासरी येते 103, 40 टक्क्यांनी 107. आता समजा या माणसाच्या लाटेचा आकार असा आहे की तिची सरासरी उंचीच्या 36 टक्क्यांवर येते. पहिल्या सूत्राने लाटेचा शेंडा 136 ला जातो, दुसऱ्याने 146 ला. माणूस तोच, हात तोच, लाट तीच, आणि दहाचा फरक, महाधमनीचा आकडाही त्याच्याबरोबर वर-खाली होणार. म्हणून दोन कंपन्यांच्या मशीनवर एकाच माणसाचे दोन वेगळे सेंट्रल बीपी आले तर त्यात बिघाड काही नाही, दोघांनी सुरुवातच वेगळी केलीय. जाणकार लोक यात दोन जाती पाडतात, टाइप वन म्हणजे पट्ट्याच्या तुलनेत महाधमनी किती कमी हे सांगणारी आणि टाइप टू म्हणजे पट्टा काहीही म्हणो, आत नळी घातली असती तर जे आलं असतं ते सांगायचा प्रयत्न करणारी. रिपोर्टवर ही जात लिहिलेली मी अजून तरी बघितली नाही.

या मशीनांची परीक्षा कशी घ्यायची याची पण एक पद्धत आर्टरी सोसायटी या धमन्यांवर काम करणाऱ्या संशोधकांच्या संस्थेच्या टास्क फोर्सने 2017 मध्ये दिलीय. आत कॅथेटर, बाहेर मशीन, आणि सरासरी फरक 5 च्या आत, पसारा (एकेकाची चूक सरासरीभोवती किती विखुरते ते) 8 च्या आत. ऐकायला कडक वाटतं. पण पसारा 8 म्हणजे पास झालेल्या मशीनवर सुद्धा साधारण दर तीन माणसांत एकाची चूक सरासरीपासून 8 पेक्षा जास्त असू शकते. आणि दंड आणि महाधमनी यांच्यातला जो फरक शोधायला आपण निघालोय तोच मुळात 10-15 चा!

एवढं वाचून कोणाला वाटेल की मी या सगळ्याच्या विरोधात आहे. नाही हो. हजार-दोन हजार लोकांच्या दोन गटांची तुलना करताना एकेकाची चूक गटात विरून जाते, तिथे या पद्धतीने खरोखर शिकवलंय. 2006 मध्ये केफ नावाचा अभ्यास आला, दोन हजारांवर पेशंट, एका गटाला अटेनोलॉल ही बीपीची गोळी आणि लागलं तर पाणी काढणारी गोळी, दुसऱ्याला अॅम्लोडिपिन आणि लागलं तर पेरिंडोप्रिल, याही बीपीच्याच गोळ्या. दंडावरचं बीपी दोन्ही गटांत जवळपास सारखं उतरलं. महाधमनीचं अंदाजे बीपी मात्र अॅम्लोडिपिनवाल्यांत 4.3 ने कमी निघालं, आणि ज्या मोठ्या अभ्यासाचा हा भाग होता त्यात पक्षाघात वगैरे त्यांच्यातच कमी झाले होते. अटेनोलॉल हृदयाचे ठोके हळू करते, ठोका लांबला की परतीची लाट त्याच ठोक्यात येऊन शेंड्यावर चढते, असं त्याचं कारण देतात. (कोणीही हे वाचून अटेनोलॉल किंवा त्या जातीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, हार्ट अटॅकनंतर आणि हृदय कमजोर असलेल्यांना ती जात वेगळ्या कारणाने देतात, आणि एकदम बंद केली तर धोका होतो.)

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी. ती घेतल्यावर दंडावरचं बीपी कधीकधी फारसं हलत नाही, पण महाधमनीतलं चांगलंच उतरलेलं असतं कारण परतीची लाट मऊ पडते. सिडनीच्याच लोकांनी 1990 मध्ये हे कॅथेटर घालून दाखवलं होतं. छातीवरचं ओझं उतरलं आणि पट्टा म्हणतोय काहीच झालं नाही, याचं कोडं त्यातून सुटलं.

तिसरं, आणि माझ्या मते एकट्या माणसासाठी सगळ्यात उपयोगाचं, तरुण मुलांचं. माझा एक भाचा, उंच, सडपातळ, पळणारा, नोकरीच्या मेडिकलमध्ये त्याचं वरचं बीपी 146 आलं आणि खालचं 70. लगेच हाय बीपी म्हणून शेरा. अशा मुलांत लाट हातात भरपूर फुगते, महाधमनीत साधी असू शकते. त्याला गोळी लागू करायची की नाही हे ठरवताना डॉक्टरने महाधमनीचा अंदाज घेतला तर त्याला अर्थ आहे, युरोपच्या 2018 च्या गाइडलाइनमध्ये सुद्धा तरुणांतल्या फक्त वरच्या वाढलेल्या बीपीच्या बाबतीत याचा उल्लेख आहे, मात्र रोजच्या तपासणीसाठी सगळ्यांना करा असं त्यांनी म्हटलेलं नाही. भाच्याच्या डॉक्टरांनी आधी आठवडाभर घरी बीपी घ्यायला सांगितलं आणि ते नॉर्मल निघालं, विषय तिथेच संपला, सेंट्रलपर्यंत जावंच लागलं नाही.

ऑस्ट्रेलियात 286 पेशंटांवर एक प्रयोग झाला, 2013 मध्ये छापून आला. अर्ध्यांच्या गोळ्या नेहमीसारख्या, अर्ध्यांच्या सेंट्रल बीपी बघून ठरवल्या. वर्षभराने दुसऱ्या गटाला गोळ्या कमी लागल्या आणि हृदयाची भिंत जाड झाली नाही. चांगली बातमी आहे, पण छोटी. सेंट्रल बीपी बघून उपचार केले म्हणून अटॅक किंवा पक्षाघात कमी झाले असं दाखवणारा मोठा अभ्यास अजून झालेला नाही, आणि पॅकेजच्या जाहिरातीत नेमकं तेच सूचित केलेलं असतं.

दुसरीकडे परिस्थिती काय आहे? आयसीएमआरच्या 2023 मध्ये आलेल्या देशभराच्या अभ्यासात मोठ्या माणसांत 35.5 टक्क्यांना हाय बीपी निघालं, म्हणजे सुमारे साडेएकतीस कोटी माणसं. सरकारचा हायपरटेन्शनचा जो कार्यक्रम सुरुवातीला पाच राज्यांत सुरू झाला त्यात महाराष्ट्र होता, तो सगळा साध्या दंडाच्या पट्ट्यावर चालतो, गावातल्या केंद्रात बीपी बघायचं, ठरलेली गोळी द्यायची, पेशंट परत येतो का बघायचं. तिथे कोणी महाधमनी काढत बसत नाही आणि काढूही नये. आणि शहरात काय चाललंय तर उपाशीपोटी चेकअपला गेलेला माणूस रांगेतून येऊन टेकतो न टेकतो तोच शर्टाच्या बाहीवरून पट्टा, हात खाली लोंबतोय, पाय एकावर एक, सिस्टर विचारतेय नाश्त्याला पोहे की इडली, आणि मशीन फुगायला लागलं. लोंबता हात म्हणजे तेच 10 सेंटीमीटरला 7-8 पॉइंट जे मी वर ट्रान्सड्यूसरबद्दल सांगितलं. जाड दंडाला लहान पट्टा लावला की अजून जास्त. आणि मग या आकड्यावरून महाधमनीचं बीपी, तेही दशांशात. एका रिपोर्टवर 121.4 लिहिलेलं बघितलं, त्या पॉइंट चारला काय म्हणावं!

घड्याळवाल्यांचं तर बोलायलाच नको, मनगटावरच्या प्रकाशाच्या सेन्सरला सुद्धा लाटेचा आकारच मिळतो, म्हणूनच त्यातली काही घड्याळं दर महिन्याला दंडाच्या पट्ट्याने परत जुळवून घ्यायला सांगतात, आणि तसं न सांगणारी असतील तर त्यांच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

माझं मागणं तुमच्याकडे आणि तुमच्या मार्फत चेकअप सेंटरवाल्यांकडे आहे. सेंट्रल बीपीचा आकडा छापायचा तर त्याच ओळीत तो अंदाज आहे हे लिहा, कुठल्या पद्धतीने काढला ते लिहा, कॅलिब्रेशनला वरचं-खालचं वापरलं की सरासरी-खालचं ते लिहा, आणि ज्या दंडाच्या बीपीवरून काढला ते बीपी तेवढ्याच मोठ्या टाइपात शेजारी द्या. मशीनची कॅथेटरशी तुलना करून परीक्षा झालीय का हे पेशंटने विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे, "कंपनीचं सर्टिफिकेट आहे" हे उत्तर नव्हे. आणि त्या हिरव्या-लाल पट्ट्याच्या रेघा कुठे मारल्या तेही सांगा, कारण दंडाच्या बीपीसाठी ठरलेल्या 140 ची रेघ महाधमनीला चालत नाही. तैवानच्या संशोधकांनी 2013 मध्ये महाधमनीसाठी 130/90 ची रेघ सुचवली होती, पण ती त्यांच्या पद्धतीने काढलेल्या आकड्यांसाठी, दुसऱ्या कॅलिब्रेशनवाल्या मशीनला ती तशीच लावता येत नाही.

तुमच्या पुरवणीने पण एक छोटी दुरुस्ती छापावी, "अचूक मोजून मिळतं"च्या जागी "दंडाच्या बीपीवरून अंदाज काढता येतो". आणि ज्या वाचकांनी पॅकेज बुक केलंय त्यांनी जायचं तर जावं, पण आत गेल्यावर पाच मिनिटं गप्प बसायला खुर्ची मागावी, पाठ टेकून, पाय जमिनीवर, बाही काढून, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि एक नाही तर मिनिटभराच्या अंतराने दोन रीडिंग घ्यायला सांगावी, पहिल्या वेळी दोन्ही हातांवर. आमच्या सोसायटीतले ते गृहस्थ परवा दुसऱ्या ठिकाणी असं करून आले, दंडावरचंच बीपी पॅकेजच्या रिपोर्टपेक्षा 14 ने कमी आलं, आता त्यावरून त्यांचं सेंट्रल किती झालं हे ते मला विचारतायत आणि मी त्यांना घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलंय.

आपला,
एक वाचक
(निवृत्त कॅथ लॅब टेक्निशियन, पुणे)